बारीक कामाला बारीकच ब्रश हवा का?

या वेळी आलेल्या पत्रांत रंग आणि ब्रश यांचेच प्रश्न जास्त आहेत. रणगाड्यांच्या, विमानांच्या छोट्या मॉडेलचं किट जोडताना फारसं कुणी अडत नाही, घोडं अडतं ते रंगाची बाटली उघडल्यावर. म्हणून आजचं सदर सगळं त्यांनाच दिलं आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

१:३५ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या, रणगाड्यांबरोबरचे सैनिक रंगवतो. डोळ्यांसाठी मुद्दाम दहा शून्यांचा, अगदी बारीक ब्रश घेतला. पण तो चेहऱ्यापर्यंत नेईपर्यंत रंग वाळतो, नाहीतर एकदम ठिपका पडून अख्खा डोळा बरबटतो. माझा हात थरथरतो म्हणून असं होतं का?

हाताला दोष देऊ नका. खोट ब्रशाच्या पोटात आहे.

गोल ब्रशाचे दोन भाग लक्षात घ्या. टोक रेघ काढतं आणि मधला फुगीर भाग, म्हणजे पोट, रंग साठवून तो टोकाला पुरवत राहतं. दहा शून्यांच्या ब्रशाला पोटच नसतं. त्यात मावतो तो रंग इतका थोडा की पॅलेटवरून उचलून नाकापर्यंत आणेस्तोवर ॲक्रिलिक वाळायला लागतं. मग आपण जास्त रंग घेतो, तो केसांत न मावता टोकाला थेंब होऊन लटकतो आणि टेकताक्षणी पसरतो. तुमची दोन्ही दुखणी या एकाच कारणाची आहेत.

माझं सांगायचं तर डोळे, बटणं, पट्ट्यांची बकलं हे सगळं मी १ नंबरच्या ब्रशाने करते. त्याहून बारीक लागलाच तर ०. अट एकच, टोक सुईसारखं जुळलं पाहिजे. नंबरावर फार विसंबू नका, कारण एका कंपनीचा १ हा दुसऱ्या कंपनीच्या २ एवढा जाड असू शकतो. विकत घेण्याआधी दुकानदाराकडे वाटीभर पाणी मागा. नव्या ब्रशाला आकार राहावा म्हणून खळ लावलेली असते, ती पाण्यात पूर्ण विरघळू द्या, मग मनगटाला एक झटका द्या. केस आपोआप एका टोकाला आले तर ब्रश घ्या. दोन टोकं झाली किंवा एखादा केस बाजूला उभा राहिला तर परत ठेवा, नाव कितीही मोठं असो. आणि हे करू न देणाऱ्या दुकानातून महागडा ब्रश घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

महागडा म्हणजे कोलिन्स्की. सायबेरियन वीझल नावाच्या प्राण्याच्या शेपटीचे हे केस मधे जाड आणि टोकाला निमुळते असतात, त्यामुळे पोट आणि टोक दोन्ही मिळतात, शिवाय वाकवलेला केस लगेच सरळ होतो. विन्सर अँड न्यूटनची सीरिज ७ ही या जातीची प्रसिद्ध मालिका. राणी व्हिक्टोरियाने १८६६ मध्ये तिच्या आवडत्या ७ नंबरात उत्तमातला उत्तम जलरंगाचा ब्रश करून मागितला, त्यावरून ते नाव पडलं. म्हणजे हे ब्रश मुळात चित्रकारांचे. आपण मॉडेलवाल्यांनी ते उसने घेतले आहेत. असा एकच ब्रश घ्या, १ नंबरचा. प्राण्याचे केस नको असतील तर चांगल्या कृत्रिम केसांच्या ब्रशानेही डोळे नीट होतात, फक्त त्याचं टोक लवकर जातं.

आता डोळ्याचा हिशोब बघा. माणसाचा उघडा डोळा साधारण ३ सेंटीमीटर रुंद. १:३५ मध्ये तो एक मिलिमीटरही भरत नाही, आणि बुबुळ जेमतेम मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. एवढ्या जागेत गोल काढायला जाऊच नका. आधी डोळ्याची खाच मळकट पांढऱ्या रंगाने भरा, बाहेर गेला तरी चालेल. शुभ्र पांढरा वापरला तर सैनिक घाबरून बघतोय असं दिसतं. मग गडद तपकिरीची एक उभी बारीक रेघ वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत ओढा. आणि शेवटी कातडीच्या रंगाने वरून-खालून पापण्या रंगवत ती रेघ कापत आणा. बुबुळ आपोआप योग्य उंचीचं उरतं. डोळा असा बाहेरून आत आवळत न्यायचा असतो. दोन्ही कोपरं मेजावर टेकवा, ब्रश धरलेल्या हाताची करंगळी मॉडेल धरलेल्या हाताला लावा, म्हणजे दोन्ही हात एकत्रच हलतील.

ताई, मी नववीत आहे. माझ्या पहिल्या विमानाच्या सूचनापत्रात अकरा रंग लिहिलेत. दुकानात ॲक्रिलिक, इनॅमल, लॅकर अशा जाती आहेत. कुठले घेऊ? आणि एकावर एक चालतात का?

तू पाण्याचं ॲक्रिलिक घे. वास कमी, ब्रश पाण्याने धुतला जातो, आणि एक हात वाळल्यावर त्याच बैठकीत दुसरा देता येतो. वायेहो कंपनीचं मॉडेल कलर ब्रशासाठी मला फार आवडतं. थेंबाथेंबाने रंग देणारी बाटली असते, त्यामुळे रंग वाया जात नाही. फक्त ती खूप हलवायची. रंगद्रव्य तळाशी बसलेलं असतं आणि न हलवता पिळलीस तर नुसतं पाणचट माध्यम बाहेर येतं.

तामियाचे रंगही ॲक्रिलिकच, पण त्यात अल्कोहोल असतं. एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने, ते फार सुंदर बसतात. ब्रशाने मात्र दुसरा हात द्यायला गेलं की पहिला विरघळून उचलला जातो. ब्रशानेच लावायचे असतील तर वाळणं लांबवणारं रिटार्डर दोन थेंब घालायचं आणि एकदा फिरवलेल्या जागेवर पुन्हा ब्रश न्यायचा नाही. आणखी एक खाचखळगा: तामियाच्या ॲक्रिलिकवर आणि इनॅमलवर नंबर तेच असतात. एक्स म्हणजे चकचकीत, एक्सएफ म्हणजे मॅट, हे दोन्हीकडे सारखं. म्हणून नुसता नंबर सांगून बाटली मागू नकोस, जात वाचून घे.

इनॅमल सावकाश वाळतं, पण त्यामुळेच ब्रशाचे ओरखडे आपोआप मिटतात. एका हातानंतर एक दिवस तरी थांबायची तयारी हवी. लॅकर सगळ्यांत चिवट आणि पातळ बसतं, पण त्याची वाफ विषारी. खेळती हवा आणि सेंद्रिय वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क याशिवाय ते उघडायचंच नाही. धुळीचा साधा मास्क तिथे काही कामाचा नाही. झोपायच्या खोलीत तर मुळीच नको.

एकावर एक लावायचं तर जोरकस खाली, सौम्य वर. लॅकर खाली, त्यावर ॲक्रिलिक, त्यावर इनॅमलचा किंवा तैलरंगाचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग. व्हाइट स्पिरिट या सौम्य थिनरने पातळ केलेला वॉश पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिकला धक्का लावत नाही, म्हणून खाचांतली काजळी भरायला हीच जोडी वापरतात. उलट इनॅमलवर लॅकर मारलंस तर खालचा थर सुरकुततो.

आता ते अकरा रंग. सगळे घेऊ नकोस. काळा, पांढरा, एक तपकिरी, एक लाल आणि एक ॲल्युमिनियम घे. चाकं, सीट, एक्झॉस्ट हे यातूनच मिसळून होतं. विमानाच्या बाहेरच्या अंगाचे मुख्य रंग मात्र तयारच घे. ते मिसळून केलेस आणि उद्या पंखाचा डाग झाकायचा झाला तर तीच छटा परत जमणार नाही. उरलेल्या पैशांत प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर, आण. सगळे भाग आधी भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळव, त्यांवर साच्यातून सुटण्यासाठीचा तेलकटपणा असू शकतो. मग प्रायमर, मग रंग. धातूचे आणि रेझिनचे भाग असले तर प्रायमरशिवाय पर्यायच नाही.

टोक जुळवायला ब्रश ओठांत धरायची सवय आहे. रंग ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेला असतो. चालेल ना?

नाही. आजच सोडा. साधारण १९१७ पासून अमेरिकेतल्या न्यू जर्सीत घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे काढणाऱ्या मुलींना ब्रशाला ओठांनीच टोक करायला शिकवलं होतं. त्या रंगात रेडियम होतं. अनेकींचे जबडे झिजले, कित्येकींचा जीव गेला. आपल्या बाटलीत रेडियम नाही हे खरं, पण काही लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असतं, आणि मेजावर थिनर, गोंद, घासलेल्या रेझिनची धूळ असं बरंच काही असतं. बाटलीवरचा तो शब्द ती चाटण्यासाठी नाही. ओल्या टिश्यूवर ब्रश फिरवत ओढा, टोक तितकंच छान जुळतं.

पंखासारख्या मोठ्या भागावर ब्रशाचे पट्टे दिसतात. आणि पिवळा रंग तर चार हात दिले तरी खालचं दाखवतोच.

पट्टे पडतात ते दोन गोष्टींनी: रंग घट्ट असतो आणि ब्रश लहान असतो. पंखाला अर्धा सेंटीमीटर रुंदीचा मऊ चपटा ब्रश घ्या. रंग दुधाइतका पातळ करा. पहिल्या हाताला तो विटका आणि ठिगळासारखा दिसेल, तिथेच बहुतेक जण घाबरून घट्ट रंगाकडे वळतात. वळू नका. वाळू द्या, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने द्या, तिसरा पुन्हा उभा. अर्धवट वाळलेल्या जागेवर ब्रश नेला तर साल निघते, तेवढं सांभाळा. उघड्या पॅलेटवर रंग लवकर घट्ट होत असेल तर ओलं पॅलेट करा: पसरट डबीत ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही तो वापरता येतो.

पिवळ्याचं दुखणं वेगळं. पिवळी आणि लाल रंगद्रव्यं बरीचशी पारदर्शक असतात, कितीही हात दिले तरी खालचा राखाडी वर डोकावतो. म्हणून खालचाच बदला. पिवळ्याखाली फिकट गुलाबी किंवा गेरूकडे झुकणारा पिवळट रंग द्या, लालखाली तपकिरी किंवा गुलाबी. मग दोन-तीन पातळ हातांत काम होतं.

जर्मन रणगाड्यांचा १९४३ नंतरचा गडद पिवळा प्रत्येक कंपनीच्या बाटलीत वेगळा दिसतो. खरा कुठला?

फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद पिवळ्याचा आदेश निघाला. वरचे हिरवे आणि तांबूस तपकिरी पट्टे मात्र तुकड्यांनी स्वतः मारायचे होते. त्यांचा रंग घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून येई आणि हाताशी असेल त्याने, पेट्रोलने नाहीतर पाण्याने, पातळ केला जाई. पेट्रोलने केलेला टिकायचा, पाण्याने केलेला धुपायचा. त्यात ऊन, धूळ, चिखल. मग शेजारी उभे असलेले दोन रणगाडेसुद्धा एकसारखे कसे दिसतील? तुमच्या डोळ्याला पटेल ती बाटली घ्या.

अमेरिकी विमानं करणाऱ्यांनाही हेच सांगते, पण तिथे एक सोय आहे. एफएस, म्हणजे अमेरिकी सरकारच्या ‘फेडरल स्टँडर्ड’ रंगयादीतल्या, क्रमांकाचा पहिला अंक चकाकी सांगतो: १ चकचकीत, २ मध्यम, ३ मॅट. दुसरा अंक रंगाचं घराणं सांगतो, ६ म्हणजे राखाडी. एफ-१८ चे ३६३२० आणि ३६३७५ हे दोन्ही मॅट राखाडी, हे नुसत्या आकड्यांवरून कळतं. तेवढं जुळलं की पुढे थोडा पांढरा मिसळायला कचरू नका. छोट्या मॉडेलवर अस्सल छटा गडद वाटते, १:७२ मध्ये तर फारच. खरं विमान आपण दुरून पाहतो, तेव्हा मधली हवा रंग फिका करते. मॉडेलवर ते काम आपल्याला करावं लागतं.

कृत्रिम केसांच्या ब्रशाचं टोक महिनाभरात आकड्यासारखं वळतं. काही उपाय?

कृत्रिम केसांचा तो स्वभावच आहे. टोक थोडा वेळ गरम पाण्यात बुडवून बोटांनी सरळ केलं तर काही दिवस निघतात, मग पुन्हा वळतं. वळलेला ब्रश टाकू नका. प्रायमर फासायला, रंग मिसळायला आणि कोरड्या ब्रशाच्या कामाला तो ठेवा. कोरडा ब्रश म्हणजे रंग बहुतेक पुसून टाकून उंचवट्यांवरून हलकेच फिरवणं, त्यात चांगल्या ब्रशाची हत्या होते. १:७२ मधल्या कॉकपिटच्या तबकड्या जेमतेम एक मिलिमीटरच्या असतात. काळ्या फलकावर असा फिकट राखाडी फिरवला की त्यांच्या कडा उठून येतात. नंतर चांगल्या १ नंबरने प्रत्येकीत चकचकीत वॉर्निशचा ठिपका सोडा, काच बसवल्यासारखी दिसते.

चांगल्या ब्रशाबद्दल मात्र मी फार कडक आहे. रंग केसांच्या अर्ध्यापर्यंतच घ्या. केस धरणाऱ्या धातूच्या नळीत रंग शिरून वाळला की केस मुळापासून फाकतात आणि टोक कायमचं जातं. काम चालू असताना मधूनमधून पाण्यात खळबळा, पण ब्रश भांड्यात उभा ठेवून उठू नका: टोक वाकतं, नळीतला गोंद सुटतो, दांड्याचा रंग निघतो. धातूच्या चमचमत्या रंगांना पाण्याचं भांडं आणि ब्रश दोन्ही वेगळे ठेवा, नाहीतर तो चुरा पुढच्या सैनिकाच्या गालावर चमकेल. शेवटी साबणाच्या वडीवर ब्रश हलकेच घोळवा, फेसात रंग दिसेनासा होईपर्यंत. टोक बोटांनी जुळवून आडवा ठेवून वाळवा. आणि ब्रशाबरोबर येणारी प्लास्टिकची नळी परत घालताना सांभाळा. एक केस जरी कडेला अडकून उलटा दुमडला तरी तो पुन्हा सरळ होत नाही.