कंडक्टरवर रुसता येत नाही

दर महिन्याला दोन-तीन तरी आया एकच प्रश्न घेऊन येतात. "मॅडम, पोरगा काही बोलतच नाही. विचारलं की 'काही नाही', फारच खोदलं की 'डोकं फिरलंय'. ह्याच्या मनात आहे तरी काय, कसं कळायचं?"

गेल्या वर्षी आलेल्या एका ताईंनी त्यात आणखी भर घातली. त्यांनी मोबाइलवर 'ॲलेक्सिथायमिया' हा शब्द वाचला होता आणि मुलाला तेच झालंय असं ठरवूनच त्या आल्या होत्या. पीटर सिफनिओस या मनोविकारतज्ज्ञाने 1970 च्या दशकात रूढ केलेला हा शब्द. मूळ ग्रीक अर्थ साधारण 'भावनेला शब्द नसणे'. तो आजार नाही, स्वभावाचा एक कल म्हणता येईल, आणि तेरा वर्षांच्या मुलाने दोन महिने तोंड उघडलं नाही म्हणून त्याच्या कपाळावर चिकटवायचा तर मुळीच नाही. हे मी त्यांना सांगितलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. कारण प्रकरण नुसत्या गप्प बसण्याचं नव्हतं. मुलाने वर्गातल्या मित्राच्या डोक्यात कंपासपेटी घातली होती. तीन टाके पडले होते आणि शाळेने पालकांना बोलावून घेतलं होतं.

या मुलाला मी इथे दादा म्हणते, त्याची धाकटी बहीण म्हणते तसं. घरच्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दादा आठवीत. वडिलांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, आई पतसंस्थेत. आजी गावाकडे.

पहिल्या भेटीत मी माझी नेहमीची चूक केली. माझ्याकडे एक रंगीत तक्ता आहे, गोल चेहऱ्यांचा. प्रत्येक चेहऱ्याखाली शब्द: निराश, उत्साहित, चिंताग्रस्त, अस्वस्थ. "यातलं तुला आत्ता काय वाटतंय?" दादाने तक्ता पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यात मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. शाळेत उत्तर येत नसलं की पोरं 'क' पर्याय निवडतात ना, तसं.

दोष त्याचा नव्हता. तो तक्ता इंग्रजीतून आलेला आहे. इंग्रजी माणूस भावना सांगताना विशेषण लावतो. मराठी घरात कोण म्हणतं, "आई, मी आज चिंताग्रस्त आहे"? आपल्याकडे जीव टांगणीला लागतो, पोटात गोळा येतो, माणूस धास्तावतो, हिरमुसतो, कळवळतो, हरखतो. आपल्या भावना बऱ्याचशा क्रियापदांत राहतात. हे मला समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात कुणी शिकवलं नाही. अशाच फसलेल्या तासांनी शिकवलं.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "रागाला दुसरे शब्द कोणते रे?"

त्याने एका दमात सांगितलं, "राग म्हणजे क्रोध, कोप, रोष, संताप." परीक्षेचं पाठांतर.

"यातला एखादा तू कधी वापरलास?"

"पेपरात."

मग मी पुन्हा चुकले. बोलण्यातल्या क्रियापदांची यादीच करून दिली: रागावणे, चिडणे, वैतागणे, कातावणे, धुसफुसणे, चडफडणे, खवळणे, रुसणे, फुगणे, असे वीसेक. पुढच्या आठवड्यात गडी हजर. "पाठ झालं मॅडम." खरंच झालं होतं, क्रमासकट. आणि त्याच आठवड्यात घरी टीव्हीचा रिमोट फुटला होता. का फुटला? "डोकं फिरलं."

तोवर माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. दादा क्रिकेट खेळतो. मी मुद्दाम म्हटलं, "पुल काय, हूक काय, शेवटी आडव्या बॅटचा फटकाच ना?" पोरगं पहिल्यांदा ताठ बसलं. "असं कसं मॅडम? पुल कमरेच्या, छातीच्या उंचीच्या बॉलला. हूक त्याच्या वरच्या, अगदी खांद्या-डोक्यापर्यंत आलेल्या. हुकात बॉल हवेत जातो, फाइन लेगला कॅच बसू शकतो." पाच मिनिटं तो बोलत होता. जिथे जीव गुंतलाय, तिथे त्याला दोन जवळचे शब्द एक वाटत नाहीत. आपण मात्र त्याला शाळेत शब्दांच्या मधोमध बरोबरचं चिन्ह घालायला शिकवतो. समानार्थी शब्द शिकवायची आपली पद्धतच अशी की शिकून झाल्यावर फरक पुसला जातो.

म्हणून मी उलटं केलं. यादी बाजूला ठेवली आणि वाक्यं दिली. एकाच वाक्यात एकेक क्रियापद घालून बघायचं आणि वाक्य कुठे मोडतं ते सांगायचं.

"मी बसच्या कंडक्टरवर चिडलो."

"चालतं."

"मी कंडक्टरवर खवळलो."

"चालतं. पण मोठं भांडण झालं असणार."

"मी कंडक्टरवर रुसलो."

तो हसला. दोन महिन्यांत त्याला पहिल्यांदा हसताना पाहत होते. "कंडक्टरवर कोण रुसेल?"

"का नाही?"

जरा विचार करून म्हणाला, "तो आपला कुठे असतो?"

इथून पुढचे तीन तास आम्ही हाच खेळ खेळलो. त्यात त्याने काढलेले फरक माझ्या वहीत आहेत, अजून वापरते. रुसायला माणूस आपला लागतो, आणि त्याने येऊन समजूत काढावी अशी आतून इच्छा लागते. वैतागायला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा व्हावी लागते. पहिल्याच फटक्यात कुणी वैतागत नाही. धुसफुसणारा माणूस घरातल्या सगळ्यांना ऐकू येतो, पण काय झालं ते सांगत नाही. संतापण्यात 'ताप' आहेच, ते मी दाखवलं. खवळतो समुद्र, भडकते आग, पिसाळतं कुत्रं, बिथरतो बैल. रागासाठी माणसाने किती ठिकाणांहून उसनवारी केली आहे! दादाने विचारलं, "मग माणसाचा स्वतःचा कुठला?" मला चटकन उत्तर सुचलं नाही. आता वाटतं, रुसणे. पण मांजर पाळणारे माझ्याशी भांडतील.

चडफडण्यापाशी तो अडकला. "ह्याचा अर्थ काय?" मी सांगितलं, राग आहे पण करता काहीच येत नाही, हात बांधलेले आहेत, तेव्हा माणूस चडफडतो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी पंख्याचा आवाज ऐकत बसायचं असतं.

मग म्हणाला, "यादी लावली होती."

तालुक्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडला होता. नोटीस बोर्डावर यादी लागली, तीत त्याचं नाव नव्हतं. त्याच्या मागून खेळायला लागलेल्या मित्राचं होतं. त्या मित्राने वर्गात पाठीवर हात ठेवून म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू." बस्स, एवढंच. कंपासपेटी.

"त्याच्यावर चिडलेलास?"

"नाही. तो चांगलाय. मी चडफडत होतो... सकाळपासून."

आणि निवड चाचणीच्या दिवशी पप्पा बघायला येणार होते. वर्कशॉपमध्ये गेटची ऑर्डर होती, ते आले नाहीत. "तेव्हा काय झालं?" यावर उत्तर अगदी हळू आलं, मान खाली घालून. "रुसलो होतो." तेरा वर्षांच्या मुलाला हा शब्द स्वतःसाठी वापरायला किती धाडस लागतं! रुसणं लहान मुलांचं, नाहीतर मुलींचं, असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. मग ते 'डोकं फिरलं'च्या पोत्यात टाकायचं. त्या एका पोत्यात दोन वेगळ्या माणसांबद्दलच्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि पोतं फुटलं ते तिसऱ्याच्या डोक्यावर.

शब्द सापडला म्हणून टाके मिटत नाहीत. दादाने मित्राच्या घरी जाऊन माफी मागितली, ती आईबापांनी ढकललं म्हणून. मनापासून बोलला तो नंतर, दोन आठवड्यांनी, मैदानावर. पण शब्दाचा उपयोग कुठे होतो, ते मी त्याच्या आईला जे सांगितलं त्यावरून लक्षात येईल. पोरगं गप्प झालं की आई पावभाजी करायची, जवळ घ्यायची, म्हणजे प्रत्येक वेळी तो रुसलाय असं धरून चालायची. बाप प्रत्येक वेळी माज समजायचा. रुसलेल्याची समजूत काढावी लागते. चडफडणाऱ्याला समजूत नको असते, त्याला हातात करण्यासारखं काहीतरी लागतं. दादाने पुढे सरांना विचारलं की मी कशात कमी पडलो, आणि सरांनी सांगितलं, रनिंग बिटवीन द विकेट्स. वैतागलेल्याला थोडा वेळ एकटं सोडलं तरी पुरतं. धास्तावलेल्याला एकटं सोडणं मात्र वाईट. क्रियापद बदललं की उपाय बदलतो.

ताईंनी विचारलं, "पण नुसतं नाव दिल्याने मन शांत होतं, असं शास्त्र सांगतं का?" काही अंशी सांगतं. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातला (लॉस एंजेलिस) एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूचं चित्रण चालू असताना 30 जणांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्याला माणसाचं नाव जोडायला सांगितलं त्यापेक्षा भावनेचा शब्द जोडायला सांगितला तेव्हा मेंदूतल्या ॲमिग्डला या भागाची खळबळ कमी दिसली. भीती, धोका यांची चाहूल घेणारा तो भाग. लिसा फेल्डमन बॅरेट या मानसशास्त्रज्ञ भावनांमधले बारीक फरक ओळखण्याच्या क्षमतेवर अनेक वर्षं काम करत आहेत. हे सगळं खरं आहे. तरी प्रयोगशाळेत चेहऱ्याला शब्द जोडणं वेगळं आणि भर वर्गात कंपासपेटी हातात असताना शब्द आठवणं वेगळं, हेही मी त्यांना सांगितलं.

व्याकरणाचीही एक गंमत आम्हाला सापडली. दादा म्हणायचा "माझं डोकं फिरलं." कर्ता कोण? डोकं. तो स्वतः वाक्यात नुसता मालक म्हणून उभा. "मला राग आला" यातही राग पावसासारखा येतो. "मी रागावलो" म्हटलं की मात्र मी कर्ता. काही समुपदेशक सांगतात की नेहमी 'मी'नेच बोलावं. मला ते पटत नाही. 'राग आला' या रचनेत शहाणपण आहे: आलेला जातोही. दोन्ही वाक्यं मुलाकडे असावीत आणि कुठलं कधी वापरायचं ते त्याला कळावं.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला एकच काम दिलं. आजीकडे जा आणि ती मनाबद्दल काय काय बोलते ते मोबाइलमध्ये टिपून आण. तो छत्तीस शब्द घेऊन आला. कावले, त्रासले, हबकले, जीव गलबलला, काळजात धस्स झालं, हुरहूर लागली, पोर भेदरलं, सून कष्टी झाली. शाळा चौथीपर्यंत झालेल्या त्या बाईला कधीही तक्त्याची गरज पडली नसती. दादाने शेवटी टीप लिहिली होती: "आजी दिवसातून आठ वेळा कावते, पण संतापत नाही."

वडील एकदाच आले. हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं मॅडम. शब्द-बिब्द मला नाही जमत." मी आग्रह केला नाही. निघताना दाराशी थांबले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले, "त्या दिवशी शाळेत बोलावलं ना, सगळ्यांसमोर... मला राग असा नव्हता आला. म्हणजे लाज पण नाही..."

"ओशाळल्यासारखं, पप्पा?" दादाने विचारलं.

"हां. तसंच."

दोघं मोटरसायकलवर बसून गेले. रस्त्यात काय बोलले ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

हे सगळ्यांच्याच बाबतीत शब्दांवर भागतं असं नाही. मुलाची झोप-भूक उडाली, शाळा सुटली, मरणाच्या गोष्टी तोंडी यायला लागल्या, तर क्रियापदं शोधत बसू नका. सरळ मनोविकारतज्ज्ञाकडे जा. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक कधीही लावता येतो, मोफत आहे.

सहामाहीचे पेपर मिळाल्यावर ताईंचा फोन आला. मराठीच्या पेपरात समानार्थी शब्द विचारले होते. 'रुसणे'च्या पुढे दादाने लिहिलं होतं, "याला दुसरा शब्द नाही." बाईंनी लाल पेनाने काट मारली होती, एक मार्क गेला होता.

"शाळेत जाऊन बोलू का, मॅडम?"

"त्यालाच विचारा."

फोन तसाच बाजूला धरून त्यांनी विचारलं. मागून दादाचा आवाज आला, "राहू दे गं. थोडासाच चिडलोय."