फेलोशिपच्या रकमेवर आयकर लागतो का?

चि. विद्यार्थिनीस सस्नेह आशीर्वाद.

सोळा महिन्यांची थकलेली फेलोशिप, दरमहा 37,000 रुपयांप्रमाणे 5,92,000 रुपये, एकदम खात्यात जमा झाली आणि आनंदाऐवजी तुला आयकराच्या नोटिशीची धास्ती बसली, हे वाचून मला फार वाईट वाटले. परभणीहून छत्रपती संभाजीनगरला येऊन खोलीभाडे आणि मेसचे पैसे उसने घेत तू हे सोळा महिने काढलेस, हे मी जाणतो.

1961 च्या आयकर अधिनियमातील कलम 10(16) नुसार शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती, म्हणजे तुझ्यासारखी फेलोशिपही, करमुक्त आहे आणि तिला रकमेची कमाल मर्यादा नाही. 2025 च्या नव्या अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले, तरी ही सूट कायम आहे. नवी करप्रणाली निवडल्यानेही ती जात नाही.

मात्र कर ठरतो तो रकमेच्या नावावरून नव्हे, ती कशासाठी दिली यावरून. तुझी मैत्रीण प्रकल्प सहायक आहे. तिच्या नियुक्तीपत्रात कामाचे तास, रजा आणि नेमून दिलेली कामे लिहिलेली असतील, तर ते कामाचे वेतन ठरते, मग त्याला कोणी फेलोशिप म्हणो. म्हणून तुझे मंजुरीपत्र जपून ठेव. प्रश्न उद्भवलाच तर तोच तुझा पुरावा आहे.

माझ्या संशोधनकाळात एका संस्थेने माझ्या फेलोशिपमधून व्यावसायिक शुल्क समजून 10 टक्के कर कापला होता. कार्यालयात विचारायला मी कचरलो, विवरणपत्रही भरले नाही आणि ते पैसे कायमचे गेले. तुझ्या 26एएस मध्ये, म्हणजे तुझ्या नावावर कापलेल्या कराची नोंद दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या विवरणात, अशी कपात दिसली, तर मुदतीत विवरणपत्र भरून परतावा माग आणि फेलोशिपची रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखव.

फेलोशिप सुरू होण्याआधी तू महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलेस, त्याचे मानधन मात्र करपात्र आहे. ते उत्पन्नात दाखवावे लागते. या थकबाकीतून मुदतठेव केलीस, तर मुद्दल करमुक्त असूनही तिच्या व्याजाची गणना उत्पन्नातच होते. इथेच बहुतेक मुले चुकतात.

रविवारी मंजुरीपत्र आणि पासबुक घेऊन घरी ये. 26एएस आपण दोघे मिळून तपासू.

तुझा,
सर