ओली चादर आणि नाळेचा वेढा

प्रश्न : ताई, मी इंदूरला सुदामानगरात राहते, वय 28. पहिलंच गरोदरपण होतं. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेलो तर ठोकेच नाहीत, रिपोर्टवर बाळाची लांबी 24 मिमी लिहिलेली, मग गोळ्या घेतल्या आणि पिशवी साफ झाली. आता दीड महिना होईल. चुलत सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की हिने गच्चीवर कपडे वाळत घातले, हात वर केले, म्हणून नाळ गळ्याला गुंडाळली. मला रात्री तेच आठवतं, ओली चादर जड होती, मी टाचा उचलून दोरीवर टाकली होती. त्यात नणंदेच्या वेळी पाचव्या महिन्यात नाळेत एक नळी कमी निघाली होती (तिचा मुलगा आता शाळेत जातो). आमच्या घरातच नाळेचा दोष आहे का?

उत्तर : अगं, आधी ती चादर डोक्यातून काढ. घरात फुटपट्टी असेल तर घे आणि 24 मिमी म्हणजे किती ते बघ, अडीच सेंटिमीटरपण नाही, बोटाच्या पेराएवढं. पहिल्या तीन महिन्यांत नाळही साधारण बाळाच्या लांबीएवढीच असते, त्या एवढ्याशा नाळेचे वेढे कुठून बसणार? आणि नवव्या आठवड्यात गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत असतं, तू हात वर केलेस काय नि खाली केलेस काय, तिथं आत काही हलत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणातसुद्धा चार-पाचातल्या एका बाळाच्या गळ्याला वेढा असतो आणि त्यातली बहुतेक धडधाकट रडत बाहेर येतात.

पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यातल्या निम्म्या किंवा जास्तच ठिकाणी क्रोमोसोमची (म्हणजे गुणसूत्रांची) संख्या चुकलेली असते, ते बीज जुळतानाच होऊन जातं, कुणाच्या हातात नसतं. अशा गर्भाची नाळ कधी बारीक, कधी आखूड, कधी त्यात पाण्याची गाठ दिसते खरी, पण बहुतेकदा मुळात गर्भच नीट वाढत नसतो, नाळ बिचारी त्याच्याबरोबर जाते. नाळेला पीळ जास्त बसणं, खरी गाठ पडणं, याची काळजी गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत असते.

नणंदेचं वेगळं. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते, शंभरात साधारण एका बाळाला एकच धमनी असते. सोनोग्राफीत बाकी सगळं नीट असेल तर बाळ बहुतेक छानच होतं, फक्त हृदय, किडनी आणि वजन नीट बघतात. तुझ्या नऊ आठवड्यांशी त्याचा संबंध लावू नकोस.

एकदाच झालंय तर सहसा मोठ्या टेस्टा लागत नाहीत. देव न करो पण परत झालं तर मात्र थांबू नका, पडलेल्या गर्भाची क्रोमोसोम तपासणी, थायरॉइड, शुगर, रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडीज, गर्भाशयाचा आकार, हे सगळं बघून घ्या. पुढचा विचार असेल तर फॉलिक अ‍ॅसिड 400 मायक्रोग्रॅम रोज, दिवस राहायच्या आधीपासूनच सुरू कर. आणि फाइल काढून ब्लड ग्रुप बघ, निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाच्या रक्ताविरुद्ध तुझ्या अंगात अँटिबॉडीज बनू नयेत म्हणून देतात ते) दिलं होतं का ते डॉक्टरांना नक्की विचार, ते 72 तासांत द्यायचं असतं आणि गडबडीत राहून जातं.

चुलत सासूबाईंशी तू वाद घालू नकोस, हे काम तुझ्या नवऱ्याचं आहे, त्यानेच त्यांच्यासमोर बसून, फुटपट्टी दाखवून सांगायचं.