जिना कुठे आहे?

मैदानाच्या कडेवरून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या पेठेत पोराला नीट चालता येण्याआधी पायात फुटबॉल येतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की निम्मी दुकानं लवकर बंद होतात. मग देशभरातले क्लब खेळतात त्या आय-लीगमध्ये कोल्हापूरचा संघ का नाही? आणि ही लीग देशातली पहिली की दुसरी? आमचे वडील म्हणतात, गोव्याचा डेम्पो पाच वेळा भारतात पहिला आला ती हीच लीग. आमचं पोरगं म्हणतंय, ती खालची लीग आहे. खरं कुणाचं?
*— शिवाजी पेठेतील एक वाचक, कोल्हापूर*

उत्तर : खरं दोघांचंही. मधे फक्त २०१९ साल येतं.

वडिलांची गोष्ट १९९६ पासून सुरू होते. त्या वर्षी राष्ट्रीय फुटबॉल लीग निघाली आणि फगवाड्याचा जेसीटी पहिला विजेता झाला. लवकरच तिच्याखाली दुसरी श्रेणीही आली. २००७ मध्ये पाटी बदलून तिची आय-लीग झाली. डेम्पोची पाच विजेतेपदं या दोन्ही पाट्यांखालची आहेत. आमच्या मुंबईचा महिंद्रा युनायटेडही २००५-०६ला देशात पहिला आला होता.

२०१४ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग आली. आठ संघ, जेमतेम अडीच महिन्यांचा खेळ, रोषणाई भरपूर. आधी म्हणाले ही वेगळी स्पर्धा आहे, लीगला धक्का नाही. २०१७ पासून दोन्ही एकाच वेळी खेळवायला लागले आणि २०१९ला आशियाई महासंघाने मान्य केलेल्या आराखड्यात आयएसएल पहिली झाली, आय-लीग दुसरी. म्हणजे आपली आजची दुसरी श्रेणी कुणी पाया घालून बांधलेलीच नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना एके दिवशी सांगण्यात आलं, की तुमच्या डोक्यावर आणखी एक मजला चढवलाय, आजपासून तुम्ही खालचे. जिन्याचं काय, तर ते नंतर बघू.

गोव्याच्या क्लबांना हे आधीच दिसलं होतं. डेम्पो २०१५ला घसरला, पुढच्या वर्षी दुसरी श्रेणी जिंकून परत वर जागा कमावली आणि २०१६ला, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्या पाठोपाठ, ती जागा सोडून निघून गेला. कारण एकच : उद्या आम्हाला खालची श्रेणी ठरवणार असाल तर आज आम्ही खेळतो कशाला? त्यांच्या जाण्यानं रिकाम्या झालेल्या जागेत मिझोरामच्या ऐझॉलला परत घेतलं, जो त्या वर्षी खाली गेला होता. त्यांना प्रशिक्षक मिळाला खालिद जमील, ज्याला मुंबई एफसीनं नुकताच निरोप दिला होता. मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभा असलेला हा माणूस आम्ही वर्षानुवर्षं पाहिलेला. त्याचा मुंबईचा संघ कधी देखणा खेळला नाही, पण सहजी हरायचाही नाही. ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये १-१ बरोबरी झाली आणि ऐझॉल देशाचा विजेता झाला. मी डोंबिवलीच्या घरात टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवत होतो आणि बायको विचारत होती, हे ऐझॉल आपलं कोण लागतं? पुढे २०२५ला हाच खालिद भारताचा प्रशिक्षक झाला.

आता जिन्याबद्दल, म्हणजे खालच्या लीगमधून वरच्या लीगमध्ये जाण्याबद्दल. २०२०-२१ आणि २०२१-२२, लागोपाठ दोनदा केरळचा गोकुलम आय-लीग जिंकला. वर जाता आलं नाही, कारण तोवर दार उघडलंच नव्हतं. ते उघडलं २०२२-२३च्या विजेत्यासाठी, म्हणून राउंडग्लास पंजाब पहिला वर गेला. पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग. आराखड्यात असंही होतं, की २०२४-२५ला वरचा तळाचा संघ खाली येईल. तो काही आला नाही. वर चढता येतं, पण वरून कुणी उतरत नाही, अशा जिन्यावर गर्दी होणारच.

मी स्वतः एका बँकेच्या संघाचा गोलकीपर. मुंबईच्या हारवूड लीगमध्ये बारा वर्षं गोल खाल्ले, तेव्हा मालकाच्या डोक्यात काय चालतं ते थोडंफार कळतं. २०२४-२५ला आय-लीगमध्ये बारा संघ होते, प्रत्येकाचे बावीस सामने, त्यातले अकरा परगावी. परगावी म्हणजे ठाणे नाही. श्रीनगर, ऐझॉल, शिलाँग, कोळिकोड. वीसेक खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ, किटच्या बॅगा, दोन-दोन विमानं बदलायची आणि नव्वद मिनिटं खेळून परत. तिकीटविक्रीतून यातलं काय निघणार? मालक हे सगळं भरतो ते एका आशेवर, की एक दिवस आपण वर जाऊ. ती आशाच धूसर असेल तर तो दोन-तीन हंगाम दम धरतो आणि एका सकाळी पत्रक काढून मोकळा होतो.

महाराष्ट्राची यादी बघा. महिंद्रा युनायटेड २०१०ला बंद. पुणे एफसी २०१५ला. बालेवाडीत खेळलेला भारत एफसी एका हंगामाचा पाहुणा. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम. मुंबई एफसी २०१७ला खाली गेला तो परत दिसलाच नाही. राहता राहिला मुंबई केंकरे, तो २०२३ला खालच्या श्रेणीत गेला.

त्या हंगामात मी केंकरेचा एक सामना कूपरेजला पाहिला. दुपारची वेळ, कृत्रिम हिरवळ तापलेली, कुणी घसरून टॅकल केलं की काळ्या रबराचे दाणे कारंज्यासारखे उडायचे. शंभरेक माणसं असू. माझ्या पुढच्या रांगेत एका खेळाडूची आई बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा. पोराच्या पायात बॉल आला की ती डबा घट्ट धरायची. मध्यंतराला मी सहज विचारलं, मुलगा राहतो कुठे? म्हणाली, "विरारला. पण मॅचच्या दिवशी बाहेरचं खात नाही." देशातली दुसरी श्रेणी मला तिथे दिसली : वर राष्ट्रीय संघाचं स्वप्न आणि मांडीवर घरचा डबा.

आता तुमचं कोल्हापूर. प्रेक्षक आहेत, पोरं आहेत. तुमच्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि नंतर आय-लीगमध्ये इंडियन अ‍ॅरोजकडून. खेळाडू जातो, संघ जात नाही, याचं कारण तालीम आणि क्लब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तालीम वर्गणीवर आणि पेठेच्या अभिमानावर चालते. लीगच्या क्लबाला परवाना लागतो : लहान वयोगटांचे संघ, प्रमाणपत्र असलेला प्रशिक्षक, नियमात बसणारं मैदान, तपासलेला हिशेब. शिवाय रस्ता खालून आहे. राज्य पातळी, मग आय-लीग तीन, मग दोन, मग आय-लीग. पण माझ्या मते खरी अडचण परवान्याची नाहीच. अख्ख्या कोल्हापूरचा एक संघ काढायचा तर पाटाकडीलच्या माणसानं दिलबहारच्या पोराच्या गोलवर टाळी वाजवायला हवी. जर्सीचा रंग कुठला, यावरच पहिली बैठक मोडेल. (रागावू नका.)

ते जमलं, तर नमुना म्हणून जपानमधलं कोफू बघा. जपाननं दुसरी श्रेणी १९९९ला काढली ती जिन्यासकट, दहा क्लबांची. कोफू पहिली तीन वर्षं तळाला आणि मधे कर्जापायी बंद पडायच्या बेतात. वाचवलं गावातल्या छोट्या व्यापाऱ्यांनी. मोठा प्रायोजक मिळेना तेव्हा क्लबनं जखमी खेळाडू उचलून नेण्याच्या स्ट्रेचरवरसुद्धा जाहिरात घेतली. २०२२ला दुसऱ्या श्रेणीत अठराव्या नंबरवर असताना याच कोफूनं सगळ्या श्रेणींच्या संघांना खुला असलेला सम्राट चषक जिंकला, निर्णायक पेनल्टी मारणारा यामामोतो ४२ वर्षांचा. गुळाच्या अडतीपासून चपलांच्या दुकानापर्यंत सगळ्यांची नावं जर्सीवर घ्यायला कोल्हापूरला कुणी शिकवायला नको.

प्रश्न : २०२४-२५ला चर्चिल ब्रदर्स आय-लीगचे विजेते म्हणून जाहीर झाले, आम्ही मडगावात फटाके उडवले आणि मग मान इंटर काशीला गेला. मैदानावर पहिले आलो, तर हरलो कुठे?
*— एक वाचक, फोंडा*

उत्तर : कागदावर. शेवटच्या दिवशी, ६ एप्रिलला, चर्चिलनं श्रीनगरमध्ये १-१ बरोबरी केली आणि तक्ता थांबला तो चर्चिल ४०, काशी ३९ असा. पण जानेवारीतला एक सामना अजून हवेत लटकत होता. त्यात नामधारीनं काशीला २-० हरवलं होतं, मात्र नामधारीचा एक खेळाडू पिवळ्या कार्डांमुळे त्या दिवशी खेळायला अपात्र होता, अशी काशीची तक्रार. शिस्त समितीनं गुण काशीला दिले, अपील समितीनं काढून घेतले. त्या आधारावर चर्चिल विजेते. काशी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेले, तिथे त्यांच्या बाजूनं निकाल लागला, दुसऱ्या एका खेळाडू-नोंदणीच्या वादातही लागला आणि १८ जुलैला काशी विजेते ठरले.

मला निकालाचं दुःख नाही. अपात्र खेळाडू उतरवला तर गुण जाणारच, हे आमच्या बँकेच्या सामन्यातही चालायचं नाही. राग आहे तो जानेवारीच्या भांडणाचा निवाडा जुलैत लागण्याचा. एक गुण म्हणजे वरच्या श्रेणीचं दार. सहा महिने दोन्ही क्लबांना ठाऊक नव्हतं, की पुढच्या हंगामासाठी खेळाडू कुठल्या लीगचे घ्यायचे. फटाक्यांचे पैसे गेले, ते सोडून द्या.

प्रश्न : मुलगा अठराचा, बारावीत आहे, उजव्या बगलेला खेळतो. एका गृहस्थानं आय-लीगच्या क्लबची ट्रायल लावून देतो म्हणून चाळीस हजार मागितलेत. राहणं-खाणं वेगळं. पाठवू का?
*— एक आई, नाशिक*

उत्तर : ताई, पैसे देऊ नका. ज्या क्लबला खेळाडू हवा असतो तो स्वतः खर्च करतो, निदान मागत तरी नाही. त्या गृहस्थांना इतकंच विचारा : क्लबच्या लेटरहेडवर पत्र आहे का? बोलावणं मोठ्या संघासाठी, की राखीव, की वयोगटाच्या? निवड झाली तर भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस प्रणालीवर नोंदणी कोण करणार? बहुधा तिसऱ्या प्रश्नाला फोन कट होईल.

आणि खरंच निवड झाली, तर करार किती महिन्यांचा आहे ते बघा. लीग वर्षभर चालत नाही. आमच्या इमारतीतला एक मुलगा अशाच एका क्लबात गेला होता. पहिले चार महिने पगार एक तारखेला. हंगाम संपत आला तसा उशीर होऊ लागला, शेवटचे दोन महिने आलेच नाहीत. तक्रार करायला निघाला तर कराराची प्रत त्याच्याकडे नव्हती. सही करून तिथेच ठेवून आला होता, कारण मागायची लाज वाटली. म्हणून सही करण्याआधी फोटो काढायला सांगा, प्रत्येक पानाचा.

एक शेवटचं. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आणि तेव्हा लीगही ऐन भरात असते. दोन्ही तारखा मुलासमोर ठेवा आणि काय करायचं ते त्यालाच सांगू द्या. नाशकात त्याचा सामना असेल तेव्हा कळवा. मी पंचवटी एक्स्प्रेसनं येतो आणि बगलेवरून तो क्रॉस कसे टाकतो ते एकदा बघतो. फी नाही, चहा चालेल.