सोबतीला जाताना: कार्यकर्त्यांचे प्रश्न, प्रशिक्षकांची उत्तरे

अत्याचार झालेली बाई किंवा मूल गावात पहिल्यांदा ज्यांच्याकडे बोलते, त्या बहुधा आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा बचतगटातल्या ताई असतात. तिचे ऐकून घेण्याच्या आणि रुग्णालय, पोलीस ठाणे, कोर्टात तिच्या सोबतीला जाण्याच्या कामाच्या प्रशिक्षणाबद्दल रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या तालुक्यात बारा जणी हे काम शिकायला तयार आहेत. एका वकिलांना बोलावून दोन दिवसांचे शिबिर घ्यावे म्हणतो. पुरेल का? (बचतगट कार्यकर्ती, गुहागर तालुका)

नाही पुरणार. दोन दिवसांत कलमे कानावरून जातात, सवय लागत नाही. आमचा आग्रह सहा दिवसांचा आहे, तेही सलग नव्हे. आधी तीन दिवस, मग महिन्याने तीन. मधल्या महिन्यात प्रत्येकीने एक दिवस समुपदेशन केंद्रात आणि एक दिवस तालुक्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून काढावा. तारीख पडते म्हणजे काय होते, हे तिथेच कळते. कायद्याला दीड दिवस बास.

बाकीचा वेळ ऐकण्याच्या सरावाला द्या. तिघी-तिघींचे गट करा: एक सांगणारी, एक ऐकणारी, एक बघणारी. सात मिनिटे प्रसंग, पाच मिनिटे बघणारीचे बोलणे. सांगणारीच्या हातात लिहिलेला प्रसंग द्या, स्वतःचा अनुभव आणू देऊ नका. बारा जणींत स्वतः सोसलेली कुणी असू शकते आणि सरावात ती जखम उघडली तर सांभाळायला तिथे कुणी नसते. बघणारीने दोनच गोष्टी मोजायच्या: ऐकणारीने किती वेळा ‘का’ विचारले आणि किती वेळा मध्येच तोडले. ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न कितीही मायेने विचारला तरी उलटतपासणीच वाटतो. त्याऐवजी ‘इथे बोललं तर चालेल, की आत जाऊया?’, ‘पुढे काय काय करता येतं ते सांगू का?’ असे विचारा. ‘सगळं नीट होईल’ हे वाक्य तर शिबिरात बंदच करून टाका. ते तुमच्या हातात नाही.

पावसाळ्यात रात्री एखादी मुलगी बलात्काराची तक्रार घेऊन आली आणि मोठे सरकारी रुग्णालय चाळीस किलोमीटरवर असेल, तर आधी काय करावे? (आशा कार्यकर्ती, देवगड तालुका)

आधी जीव, मग पुरावा. रक्तस्राव आहे का आणि गळा दाबला होता का, हे विचारा. गळा दाबलेला असेल तर मानेवर खूण नसतानाही धोका असतो. आवाज बसणे, गिळताना दुखणे, श्वास लागणे यांतले काहीही असेल तर थांबू नका, 108 ची रुग्णवाहिका बोलवा. अत्याचार करणारा आसपास असेल तर पोलिसांसाठी 112.

मग तिला विचारा, तपासणी हवी आहे का. हवी असेल तर तोवर अंघोळ, चूळ, कपडे बदलणे टाळलेले बरे. लघवीला जायचे असेल तर जाऊ द्या, पण पुसू नये, धुऊ नये. आधीच अंघोळ झाली असली तरीही न्यायचेच. नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेतात, शिवाय उपचार वेगळे असतातच. सर्वात जास्त चुका कपड्यांच्या बाबतीत होतात. घाईत ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले जातात. कोकणातल्या दमट हवेत आतल्या आत घाम धरतो, बुरशी येते आणि नमुना हातचा जातो. प्रत्येक कपडा स्वतंत्र कोऱ्या कागदात गुंडाळून कागदी पिशवीत ठेवावा. ओला असेल तर पंख्याखाली सावलीत वाळवावा. चुलीजवळ नाही, उन्हात नाही, आणि झटकायचा तर मुळीच नाही. जाताना तिच्यासाठी दुसरे कपडे आणि पॅड घ्या, तुमच्यासाठी टॉर्च.

‘आधी एफआयआर आणा’ असे रुग्णालयाला म्हणता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम 397 नुसार सरकारी असो की खासगी, उपचार मोफत आणि तत्काळ द्यावे लागतात. नाकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम 200 खाली गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवते. प्रौढ स्त्रीला जबाब द्यायचा नसेल तर तिचा नकार कागदावर नोंदवतात, उपचार मात्र चालू राहतात. एचआयव्ही टाळण्याचे औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते आणि 28 दिवस घ्यावे लागते. गर्भधारणा टाळण्याची गोळीही जितकी लवकर तितकी बरी. हे डॉक्टरांना आठवणीने विचारा, मध्यरात्रीच्या गर्दीत सुटून जाते. ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीत बोटे घालून तिला संबंधांची ‘सवय’ आहे का ते बघणे) कुणी करू लागले तर ती सर्वोच्च न्यायालयाने 2013 आणि पुन्हा 2022 मध्ये चुकीची ठरवली आहे, हे शांतपणे सांगा.

गुन्हा मुंबईत घडला आणि मुलगी गावी आली असेल तरी इथल्या ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ (हद्द न बघता नोंदवायची तक्रार) घेतात. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. ठाण्याने नकार दिला तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, तरीही नाही झाले तर न्यायदंडाधिकारी.

तिने सांगितलेले मी वहीत लिहून ठेवते. हे बरोबर आहे का? (समुपदेशक, अलिबाग)

लिहा, पण कमी लिहा. वकिलाशी झालेले बोलणे कायद्याने गोपनीय राहते, तुमच्याशी झालेले नाही. उद्या कोर्ट ती वही मागू शकते. म्हणून तारीख, वेळ, कोण हजर, दिसलेल्या जखमा, काय मदत दिली आणि तिने काय ठरवले एवढेच. तिचे एखादे वाक्य घ्यायचे तर अवतरणात आणि तिच्याच बोलीत. मालवणी, आगरी, कोळी बोलीतला शब्द ‘शुद्ध’ करायला गेलात की अर्थ सरकतो, आणि नंतर जबाबातला शब्द वेगळा निघाला की बचावाचे वकील नेमका तिथेच बोट ठेवतात. ‘घाबरलेली वाटली’ हे तुमचे मत. ‘हात थरथरत होते, दाराकडे बघत होती’ ही नोंद.

नाव न लिहिता फक्त वाडी लिहिली तर चालेल, असे वाटते. पंधरा घरांच्या वाडीत तेवढ्यावरून बाई ओळखू येते. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, व्हॉट्सॲप ग्रुपवरही.

नवरा मारतो. गावकीने बसून मिटवायचे ठरवले आहे. आम्ही बैठकीला जावे का? (महिला मंडळ, हर्णै परिसर)

आधी बाईशी एकटीशी बोला, सासरच्या कुणाच्याही गैरहजेरीत. मारणाऱ्याच्या समोर तिला ‘काय हवंय?’ विचारले तर ती जे सांगेल ते उत्तर नव्हे, बचाव असतो. बैठकीत सही झालेल्या कागदाने तिचा कायदेशीर हक्क संपत नाही, हे तिला त्याआधीच माहीत हवे. बैठकीला जायचे की नाही, तुम्हाला सोबत न्यायचे की नाही, ते तिने ठरवायचे.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ती माहेरी तात्पुरती राहात असली तरी तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते. या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतात. पहिली तारीख तीन दिवसांत पडावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात घोडे बरेचदा नवऱ्याला नोटीस पोहोचवण्यात अडते. नवरा बोटीवर किंवा मुंबईत खोलीवर, पत्ता नुसता गावाचा. म्हणून अर्जात वाडी, घरमालकाचे नाव, बोटीचे नाव, बंदर आणि मुंबईचा पत्ता, सगळे घाला.

मच्छीमार घरात सुरक्षेचा आराखडा कॅलेंडर बघून करावा लागतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, नवरा दिवसभर घरी. बोटी समुद्रात असताना ठरवलेली फोनची वेळ या दोन महिन्यांत धोक्याची ठरते. गणपती-शिमग्याला चाकरमान्यांनी घर भरते. त्यात आधार देणारी एखादी नणंदही असेल आणि ‘घराची अब्रू’ सांगणारे चार जणही. आधारकार्ड, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती शेजारी ठेवाव्यात. शेवटच्या एसटीची वेळ तिला तोंडपाठ हवी.

गावकीने वाळीत टाकण्याची धमकी दिली तर 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

नववीतल्या मुलीने मला सांगितले, पण ‘कुणाला सांगू नका’ म्हणाली. (शिक्षिका, वेंगुर्ला)

‘नाही सांगणार’ असे वचन देऊ नका, आणि दिले असेल तर तिला समजावून मागे घ्या. मूल 18 च्या आतले असेल तर पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आता सारखे प्रश्न विचारू नका. एकदा काय ऐकले ते लिहा आणि थांबा, जबाब पोलिसांना घेऊ द्या. तो तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो.

बालकल्याण समिती तिला ‘सपोर्ट पर्सन’, म्हणजे तपास आणि खटल्यात सोबत राहणारी व्यक्ती, नेमून देऊ शकते. त्यासाठी शिक्षिकेने पुढे यायला हरकत नाही, मात्र तुम्ही साक्षीदार असाल तर दुसऱ्या कुणाला नेमलेले बरे. सपोर्ट पर्सनने तिला साक्षीच्या काही दिवस आधी ओरोसच्या जिल्हा कोर्टाची खोली दाखवावी: न्यायाधीश कुठे बसतात, पाणी कुठे मिळते, आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा कुठे लावतील. काय बोलायचे ते मात्र एका शब्दानेही शिकवायचे नाही. ‘आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, प्रश्न कळला नाही तर परत विचार’, एवढे सांगितले तर चालते.