कोणती 'कुडा, कोणत्या दिवशीची?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. तू जोडलेल्या प्लास्टिकच्या मॉडेल गाडीचे सातही फोटो मोठे करून, चष्मा कपाळावर सरकवून पाहिले. आधी चांगलं सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना हिरमुसायची नाहीस. तुझा हात बसलेला आहे. छताच्या कडेची पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ) तू अशी काही घालवली आहेस, की चौतीस वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये इंजेक्शन मोल्ड करण्यात घालवलेल्या मलासुद्धा ती शोधावी लागली. पण तुला जे खटकतंय तेही खरं आहे, गाडी खेळण्यासारखी दिसते. त्याचं कारण 'डिटेल कमी पडलं' असं तू परस्पर ठरवलंस आणि आणखी सुटे भाग मागवायला निघालीस. तेवढं थांबव. पैसे राहू देत.

गाडी निवडलीस ती मात्र झकास. १९७० ची, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीची प्लिमथ हेमी 'कुडा. (बॅराकुडा माशावरून हे नाव आलं. माझी बहीण रत्नागिरीची, तिला अजून वाटतं की मी कुड्याच्या शेंगांच्या भाजीबद्दल बोलतोय.) ४२६ घनइंचांचं, म्हणजे सात लिटरचं 'हेमी' इंजिन, कंपनीच्या कागदावर ४२५ अश्वशक्ती, आणि त्या वर्षी हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छताच्या, बनल्या सगळ्या मिळून ६५२. गाडी इतकी मोजकी असली की प्रत्येकीचा इतिहास कोणी ना कोणी जपलेला असतो. आपल्याला त्याचा फायदाही होतो आणि त्याची भीतीही वाटते.

आता तुझ्या मॉडेलबद्दल. पुढून पाहिलं तर दोन हेडलाइट, म्हणजे १९७० ची गाडी. बाजूने पाहिलं तर पुढच्या मडगार्डवर माशाच्या कल्ल्यांसारख्या चार फटी, आणि त्या आल्या १९७१ साली. त्या वर्षी हेडलाइटही चार झाले. बोनेट उघडलं तर इंजिन प्रदर्शनातल्यासारखं लखलखीत, आणि गाडी उलटी केली तर खाली वीस वर्षांचा गंज. प्रत्येक काम सुटं पाहिलं तर सुंदर आहे. पण एका गाडीत मला चार गाड्या दिसल्या, आणि डोळ्याला कारण सांगता आलं नाही तरी खोट कळतेच.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. मुलगा मिशिगनमध्ये असतो. ऑगस्टमध्ये त्याच्याकडे गेलो की डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तिथे घडीची खुर्ची टाकून बसतो. एका वर्षी एक जांभळी हेमी 'कुडा शेजारीच येऊन थांबली. मालक माझ्याच वयाचा होता. मी मोठ्या हौसेने फोनवर माझ्या मॉडेलचे फोटो दाखवले. त्याने शांतपणे पाहिले आणि विचारलं, "ही कोणाची गाडी?" मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्याने बोनेट उघडून डाव्या मडगार्डच्या आतल्या अंगाला स्क्रूने बसवलेली पत्र्याची छोटी पट्टी दाखवली. तिला फेंडर टॅग म्हणतात. ती खालच्या ओळीपासून वर वाचायची. ई७४ म्हणजे हेमी इंजिन, डी२१ म्हणजे चार गिअरचा हाताने टाकायचा बॉक्स. पुढे गाडीचा क्रमांक, त्याची सुरुवात बीएस२३आर०बी. त्यातला 'आर' हेमीचा, शून्य १९७० चा आणि शेवटचा 'बी' डेट्रॉइटलगतच्या हॅमट्रॅमिकच्या कारखान्याचा. आणि रंगाचा कोड होता एफजे५, म्हणजे लाइम लाइट, झगझगीत पोपटी. समोर उभी गाडी तर जांभळी! मधल्या कुठल्यातरी मालकाने रंग बदलला होता. "मॉडेल करायचं तर आधी ठरव," तो म्हणाला, "कारखान्यातून निघाली ती पोपटी, की आज उभी आहे ती जांभळी. दोन्ही खऱ्या आहेत. दोन्हींची भेसळ मात्र खोटी."

त्या संध्याकाळी मी माझं मॉडेल कपाटाच्या मागच्या फळीवर ठेवून दिलं. अजून तिथेच आहे.

तेव्हा आधी एक वही घे आणि पहिल्या पानावर लिही, कोणती गाडी, कोणत्या दिवशीची. 'हॅमट्रॅमिकहून निघालेली, शोरूममध्ये चार दिवस उभी असलेली, चार गिअरची, टॉर-रेड रंगाची' एवढं लिहिलंस तरी अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. डी२१ लिहिलं की मागचा अॅक्सल डाना ६० असलाच पाहिजे, कारण चार गिअरच्या हेमीला तोच यायचा. त्याच्या पाठीला दहा बोल्टांचं झाकण असतं. ऑटोमॅटिक गाडीला येणारा पावणेनऊ इंची अॅक्सल मागून गुळगुळीत, त्याला झाकणच नाही. तुझ्या पाचव्या फोटोत आत पिस्तुलाच्या मुठीसारखा गिअरचा दांडा आहे आणि खाली गुळगुळीत अॅक्सल. पाहणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना कळणार नाही. तुला आता कळलंय, आता तुझी सुटका नाही.

मग मापं. खऱ्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १०८ इंच, म्हणजे २७४३ मिलिमीटर. १/२५ ला, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या भागाच्या मापाला, तो १०९.७ भरतो, १/२४ ला ११४.३. तू बॉडी १/२५ ची घेतलीस आणि ऑनलाइन मागवलेलं इंजिन १/२४ चं, 'एवढ्याने काय होतंय' म्हणून. चार टक्क्यांनी होतं असं, की बोनेट बसत नाही आणि मग तू एअर क्लीनर घासत बसतेस. हा दोन मापांचा घोळ जुना आहे. १/२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच, बाहुल्यांच्या घरांपासून चालत आलेला हिशेब. १/२५ आलं डेट्रॉइटच्या बाजूने. नव्या गाड्यांबरोबर डीलरच्या काउंटरवर ठेवायला छोटी प्लास्टिक मॉडेलं बनायची, ती याच मापाची. ट्रॉय गावच्या एएमटीने त्याच धर्तीवर १९५८ पासून जोडायचे किट काढले. सुरुवातीची ती डीलरची मॉडेलं अॅसिटेट प्लास्टिकची होती आणि काही वर्षांत पापडासारखी वाकायची. मोल्डवाल्याला असल्या गोष्टींत रस, तुला नसला तर सोडून दे.

व्हर्नियर आहे ना तुझ्याकडे? सुटा भाग लावायच्या आधी मोजायचा, २५ ने गुणायचा आणि स्वतःला विचारायचं की हे खरं असतं तर केवढं असतं. तुझ्या स्पार्क प्लगच्या तारा फोटोत मोजल्या तर अर्धा मिलिमीटर दिसतात. म्हणजे खऱ्या गाडीत साडेबारा मिलिमीटरच्या. नाकापेक्षा मोती जड! खरी तार ७ मिलिमीटरची असायची, म्हणजे आपल्याला हवी ०.२८ ची. परदेशी पाकिटं शोधू नकोस. तुमच्या कोल्हापुरात मोटर रिवाइंडिंगची दुकानं आहेत, तिथे ३२ गेजची तांब्याची तार माग. ती ०.२७ भरते. काळा रंग एकदाच, पातळ. आणि तारा मनाला येईल तशा जोडू नकोस. हेमीचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) पुढे असतो (शेवरलेचा मागे, तू ज्या फोटोवरून केलंस तो बहुधा शेवरलेचा होता), त्याचा ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, घड्याळाच्या उलट दिशेने. ड्रायव्हरच्या (अमेरिकेत डाव्या) बाजूला पुढून मागे सिलिंडर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्या बाजूला २, ४, ६, ८. तारा व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) मधोमध आत शिरतात, बाजूने नाही. ती कव्हरं काळ्या, सुरकुतलेल्या रंगाची असतात, त्यांना क्रोम लावू नकोस. एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड नुसते बिडाचे. कोल्हापूरच्या पोरीला बिडाचा रंग मी काय सांगणार, कुठल्याही फाउंड्रीच्या दारात उभी राहून बघ.

इंजिनात आणखी एक चूक, आणि ही मला खरंच लागली. बोनेटमधून वर आलेलं हवा घ्यायचं खोकं, शेकर, तू बोनेटला चिकटवलंस. अगं, ते बोनेटचं नाहीच! ते इंजिनावर बसवलेलं असतं आणि बोनेटला पाडलेल्या भोकातून वर डोकावतं. रेस दिली की इंजिन कुशीवर हलतं आणि त्याबरोबर ते खोकं थरथरतं, म्हणून तर त्याचं नाव शेकर. भोवती सगळीकडे बारीक फट दिसलीच पाहिजे आणि बोनेट उघडलं की खोकं इंजिनावरच राहिलं पाहिजे.

खेळण्यासारखं दिसण्याचं मोठं कारण मात्र इंजिनात नाही, चाकांत आहे. तुझी गाडी पुढून उचललेली आहे. टायर आणि मडगार्डच्या कमानीत किती जागा आहे ते खऱ्या गाडीच्या अगदी बाजूने काढलेल्या फोटोत बघ आणि चाकाच्या व्यासाशी त्याचं प्रमाण काढ. प्रमाण कुठल्याही फोटोतून निघतं, त्याला मापपट्टी लागत नाही. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी गाडीचा तोराच बदलतो. रॅली चाकंही सगळी क्रोमची नसतात. मधली तबकडी चंदेरी रंगाची, फक्त बाहेरचं कडं चकचकीत. किटमधलं क्रोम ब्लीचमध्ये बुडवलं की निघून येतं. हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव.

आणि फोटो काढायची तऱ्हा बदल. तू फोन गाडीच्या नाकाशी नेतेस, मग नाक फुगतं आणि शेपूट आटते, आणि तुला वाटतं बॉडी चुकलीय. खऱ्या गाडीचा फोटो माणूस दहा मीटरवरून काढतो. त्याला २५ ने भाग. चाळीस सेंटिमीटर. तेवढ्यावरून, गाडीच्या खिडकीच्या उंचीवर कॅमेरा धरून काढ आणि मग खऱ्या फोटोशेजारी ठेव. बॉडी तुला वाटते तितकी चुकलेली नाही.

रंगाचं थोडक्यात. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला तर खऱ्या गाडीवर तो अडीच मिलिमीटर झाला, जणू डेंटरने लांबी (पुट्टी) भरून घासायचीच सोडून दिली. त्यात दरवाजाची फट बुजते आणि मागचं नाव वितळल्यासारखं दिसतं. म्हणून रंगाआधी दरवाजाची रेघ सुईने हलकेच खोल करून घे, प्राइमर पातळ मार, आणि अक्षरांवर आधी चंदेरी फॉइल चिकटवून मग रंग मार. वाळायच्या आत थिनर लावलेल्या कापडाने अक्षरांच्या माथ्यावरून एकदा पुसलं की खालचं चंदेरी वर येतं. जांभळा इन-व्हायोलेट तुला आवडतो, माहीत आहे. पण तो मेटॅलिक आहे. बाजारातल्या डब्यातला कण आपल्या मापाला खडीसाखरेएवढा दिसतो. पहिल्यांदा टॉर-रेड नाहीतर लेमन ट्विस्ट घे, दोन्ही साधे रंग आहेत. त्यांना आरशासारखं पॉलिशही करू नकोस. जनरल मोटर्सच्या गाड्यांना लॅकर असायचं, क्रायस्लरवाले भट्टीत भाजलेला इनॅमल मारायचे आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खरबरीतपणा राहायचाच. खालची बाजू तर कोणी सजवतच नसे. प्राइमरवर कडेकडेने बॉडीच्या रंगाचे फवारे उडालेले, आत जाल तसे विरळ. वुडवर्डवरच्या कित्येक गाड्या खालून इतक्या चकचकीत असतात, की कारखान्यातल्या माणसाला आपली गाडी ओळखू येणार नाही. ज्याची त्याची हौस, पण त्यांचे फोटो पाहून 'कारखान्यातून निघालेली' गाडी करता येणार नाही.

दुरुस्त काय करायचं ते विचारशील. कल्ले काढून मडगार्ड घास, शेकर सोडव, पुढची चाकं खाली आण, तारा बदल. अॅक्सल माझ्याकडे एक जादा आहे, डानाचा, तो धाडतो. गंज खरवडत बसू नकोस, वर प्राइमर मार. ते मागवलेलं इंजिन कपाटात ठेव, त्याच्या जागी १/२५ चं बसव; कधीतरी १/२४ ची बॉडी मिळेल.

आणि अंतिम रंग आत्ता मारू नकोस. तुमच्याकडे पाऊस लागलाय. अशा दमट हवेत लॅकर पांढरट पडतं आणि मग तू रंगाच्या कंपनीला शिव्या देशील. दसरा होऊ दे. तोवर वहीचं पहिलं पान भर आणि त्याचाच फोटो मला पाठव, गाडीचा नंतर.

तुझा,
काका