शाळा काढायला ग्रँट मिळते का?

प्रश्न: आम्ही जत तालुक्यातली चौघं मिळून पहिली ते पाचवी शाळा काढायचं म्हणतोय. भाचा अमेरिकेत असतो, तो सांगतो तिकडं चार्टर शाळेला उघडायच्या आधीच प्लॅनिंगला पैसे मिळतात. आपल्याकडं असं काय हाय का?

उत्तर: भाचा बरोबर बोलतोय, पण ते तिकडचं. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, पहिला कायदा मिनेसोटा राज्यात १९९१ ला झाला आणि १९९४ च्या कायद्यानं तिकडच्या केंद्र सरकारची ग्रँट सुरू झाली, बदल्यात करार असतो, रिझल्ट नाही दिला तर टाळं.

आपल्याकडं २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा, म्हणजे नावातच आलं, अनुदानाची आशा सोडा. चौघांच्या नावावर शाळा निघत नाही, आधी ट्रस्ट रजिस्टर करा. मग आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या अटी: साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, पोरापोरींची वेगळी टॉयलेट, रॅम्प, पाणी, कंपाउंड आणि मैदान. मैदानावरच बऱ्याच जणांचं घोडं अडतं, दोन गुंठ्यात बिल्डिंग उठवतात आणि पोरं रस्त्यावर खेळतात, त्यामुळं आधी जागा बघा, रंगरंगोटी नंतर. आणि आरटीईत गरीब-वंचित घरच्या पोरांना ज्या २५ टक्के जागा राखीव असतात, त्यांची फी सरकार देतं खरं, पण ती वेळेवर येईल असं धरून मास्तरांच्या पगाराचं गणित मांडू नका.